भाट्याच्या वाळूवर शंभर मैल

परटवणे, रत्नागिरी
शुक्रवार, १९ सप्टेंबर १९८६

ती. दादास,

मालूचा नमस्कार. साष्टांग लिहिणार होते, पण तू वाचून हसला असतास.

इकडे सगळं ठीक आहे. म्हणजे अगदी ठीक नाही, पण पत्राच्या सुरुवातीला तसं लिहितात. गणपतीला तू याही वर्षी आला नाहीस. आरतीचं ताम्हन हातात घेऊन अण्णा क्षणभर दाराकडे बघत थांबले आणि मग त्यांनी ते माझ्या हातात दिलं. तुझं नाव घरात निघत नाही, पण मोदक मोजताना त्यांचा अजून एक आकडा चुकतो.

तुझ्या भाऊबीजेच्या मनीऑर्डरीच्या कुपनावर कोल्हापूरचा पत्ता असतो, तो मी दरवर्षी जपून ठेवते. नऊ वर्षांत त्यावर कधी लिहिलं नाही. आज लिहिते आहे ते काम पडलं म्हणून. आठवण आली म्हणून लिहिते असं म्हणता आलं असतं, पण ते पूर्ण खरं झालं नसतं.

अण्णांची बीएसए पुन्हा चालू करायची आहे. बारा वर्षं गोणपाटाखाली होती. इंजिन मी खाली उतरवलं, पेटी उघडली. पिस्टन चालतील. कॅमशाफ्ट मात्र गेला आहे. चारही कॅमच्या नाकांवर देवीच्या व्रणांसारखे खड्डे पडलेत.

तू कॅम घासायच्या मशीनवर काम करतोस असं राजापूरच्या एका माणसाकडून कळलं. तर विचारायचं ते हे. अण्णांना शाफ्ट रेसचा हवा आहे, गाडी ताशी शंभर मैल जायला हवी म्हणून. मला त्यातलं जेवढं कळलं तेवढं लिहिते. तुला शिकवत नाही, चुकत असेन तर खोड. कॅमचं नाक व्हॉल्व्हला ढकलून उघडतं. नाक साधं असेल तर व्हॉल्व्ह बेताने उघडतो आणि वेळेवर मिटतो. गाडी पहिल्या किकला लागते, बाजारातून माणसासारखी चालते. रेसच्या कॅमचं नाक उंच आणि पोट रुंद. व्हॉल्व्ह लवकर उघडतो, जास्त उघडतो, उशिरा मिटतो. मग वेगात इंजिन भरपूर हवा घेतं, पण मंद चालीवर त्याला ती हवा पोटात ठरत नाही. खाली खोकतं आणि वर गातं. बरोबर ना?

तू असताना मी लहान होते. संधिवाताच्या तापामुळे माझी शाळा दहाव्या वर्षापर्यंत आपल्या वर्कशॉपमध्येच झाली, हे तुला आठवत असेल. अपूर्णांक मी पान्यांवर शिकले. तीन अष्टमांश मोठा की सात सोळांश, हे नटाला लावून बघायचं. इंग्रजी आलं ते बीएसएच्या पुस्तकावरून. अजूनही मला जमतं ते तेवढंच आहे असं वाटतं.

अण्णांचे हात आता थरथरतात. सहा वर्षं झाली. सगळं काम मीच करते. गिऱ्हाईक आलं की मी आत जाते, अण्णा हातात पाना घेऊन स्टुलावर बसतात. गिऱ्हाईक गेलं की मी बाहेर येते. तू हे कोणाला सांगू नकोस. तुझ्या तिकडे कोण विचारणार म्हणा.

जुना शाफ्ट एस.टी.च्या पार्सलने पाठवते आहे. मोजून बघ आणि काय करता येईल ते कळव. घाई आहे, कारण लग्न डिसेंबरात आहे.

माझं. चिपळूणचे दामले. मुलगा पाटबंधाऱ्यात आहे.

तुझी,
मालू


सोमवार, ६ ऑक्टोबर १९८६

ती. दादास,

तुझं पत्र गंगुबाईंच्या पत्त्यावर आलं, पार्सलमधल्या चिठ्ठीत मी सुचवलं होतं तसंच. त्या भांडी घासायला येताना पदरात लपवून घेऊन आल्या. म्हणाल्या, "काय गो बाय, नवऱ्याचं का?" भावाचं म्हटल्यावर त्यांचा उत्साहच गेला.

तू एकच ओळ कामाची लिहिलीस आणि एकच प्रश्न. प्रश्नाचं उत्तर आधी देते.

शंभर मैल कशाला, असं विचारतोस. दामले कोर्टात नाझर होते, त्यांचं सगळं कलमवार असतं. बघायला आले तेव्हा अण्णांनी त्यांना भाट्याची गोष्ट सांगितली. तुला पाठ आहे ती. बंदराच्या कामावरचा साहेब विलायतेला जाताना रेसचा कॅम घालून गाडी देऊन गेला, आणि एकसष्ट साली ओहोटीला भाट्याच्या वाळूवर अण्णांनी ती ताशी शंभर मैलांनी पळवली. या खेपेला वाळूतून उडालेले खेकडेसुद्धा होते, ते नवीन. नाझर म्हणाले, "हुंडा आम्ही घेत नाही. तत्त्वात बसत नाही. पण अण्णासाहेब, ती गाडी तुमच्याकडे नुसती गंजतेच आहे ना?"

आणि लग्नाची याद झाली, देण्याघेण्याच्या कलमांची. कुंकू लावून, दोन्ही बाजूंच्या सह्या होऊन. कलम सात तुला जसंच्या तसं उतरवून देते : "वधूपित्याची बीएसए मोटारसायकल, जी सन १९६१ साली मौजे भाट्ये येथील वाळूत ताशी शंभर मैल वेगाने धावली, ती त्याच स्थितीत वरास देणे." अण्णांनी सही केली. हात इतका थरथरत होता की नाझरांनी कागद धरून ठेवला. लग्नाआधी भाट्यालाच चाचणी घ्यायची, असंही खाली लिहिलं आहे.

आता तुझी ओळ. "शाफ्ट मोजला नाही, मोजायची गरज नाही."

दादा, हे वाचून मी दोन दिवस अस्वस्थ होते. मी मोजला होता. तुला पाठवण्याआधीच. नाक झिजलं तरी बाजूचा उतार झिजत नाही आणि उतार लपत नाही. तो शाफ्ट साधा आहे. कारखान्यातून निघाला तेव्हा होता तोच. साहेबाने काहीही घातलेलं नव्हतं. मागच्या पत्रात मी हे लिहिलं नाही, नुसतं "मोजून बघ" म्हटलं. तुझ्या तोंडून कळावं म्हणजे मला बोलावं लागणार नाही, असा माझा डाव होता. माफ कर.

पण न मोजता तुला कसं कळलं?

मग मी सिलेंडरखालचं जुनं पॅकिंग शोधून काढलं. काढताना ते मी कढईत टाकून ठेवलं होतं. रॉकेलने धुतलं. चित्रकलेच्या परीक्षेच्या जाड कागदाचं आहे ते. आतल्या बाजूला पेन्सिलीने अर्धा नंबर आणि "भास्कर द." एवढं अजून वाचता येतं.

मला सांगितलं होतं की तू मॅट्रिकला नापास झालास आणि पळालास. मी नऊ वर्षं तेच धरून बसले. तू पळाला नव्हतास. तू सिलेंडर उचलून आत पाहिलं होतंस आणि कॅम साधा आहे हे अण्णांना तोंडावर सांगितलं होतंस, म्हणून घर सुटलं. हो ना?

मला का नाही सांगितलंस? तेव्हा मी पंधरा वर्षांची होते. मला कॅम कळत होता.

रागावून लिहिलं, पण हे पान फाडत नाही.

मालू


रविवार, २६ ऑक्टोबर १९८६

ती. दादास,

पार्सल मिळालं. दोन्ही शाफ्ट. भंगारात जाऊन तू दुसरा शोधलास आणि सुट्टीच्या दिवशी दोन्ही घासलेस, हे चिठ्ठीत नसतं तरी तुझी मेहनत दिसली असती. बोट फिरवलं तर कुठे अडत नाही. पांढऱ्या दोऱ्याचा साधा, लाल दोऱ्याचा रेसचा. आणि शेवटी एवढंच : "इंजिन तुझ्यापुढे आहे, निवड तू कर." निवड मी तुझ्यावर टाकू पाहत होते. तू हुशार आहेस.

पाच-सहा दिवस मी दोन्ही शाफ्ट आलटून पालटून हातात घेतले. गंगुबाई म्हणाल्या, "हलद लागायची ती हातां, नि ही बाय ग्रीस लावतेय."

मी पांढऱ्याचा बसवला.

अण्णांना कारणं सांगितली ती अशी. रेसच्या कॅमला पेट्रोल चांगलं लागतं, ते इथे मिळत नाही. चिपळूणला जायचं म्हणजे वळणं आणि चढ. रेसचा कॅम खालच्या वेगात मान टाकतो. वळणावर मान टाकली आणि मागून ट्रक आला तर? त्या माणसाला मी एकदाच पाहिलं आहे, पण त्याला असं काही झालेलं मला चालणार नाही. ही सगळी कारणं खरी आहेत. एकेक तपासून बघ.

अण्णांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "विचारलं कोणी, तर रेसचाच आहे म्हणून सांगायचं."

मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही.

दादा, अडचण पुढे आहे. साध्या कॅमवर ही गाडी शंभर जाणार नाही. शंभर गेली नाही तर कलम सात मोडेल. कलम सात मोडलं तर कदाचित सगळीच याद मोडेल. शाफ्टला तेल लावताना हे माझ्या मनात नव्हतं असं मी शपथेवर सांगू शकत नाही. योग्य वस्तू मी योग्य कारणाने निवडली, की मला हवं होतं म्हणून निवडली आणि कारणं मागून जमवली? आपल्या मनाला फट मोजायचा फीलर लावून बघता येत नाही.

आणि लाल दोऱ्याचा बसवला असता तर अण्णांची गोष्ट खरी झाली असती. पंचवीस वर्षांनी का होईना. ते माझ्या हातात होतं. ते मी केलं नाही.

खरं सांगू, तो मला एकदा ऐकायचा आहे. वर गाताना.

सिलेंडरखाली नवं पॅकिंग लागलं. तुला माहीत आहे, अण्णा आलेली प्रत्येक लग्नपत्रिका जपून ठेवतात, कारण तो कागद पॅकिंगला फार चांगला. कोणाच्या शुभविवाहाचं पॅकिंग केलं ते माहीत नाही, पण मागच्या कोऱ्या बाजूला मी पेन्सिलीने लिहिलं : "आत साधा कॅम. बसवला मालिनीने. २२-१०-८६." मग तेल लावून वर सिलेंडर ठेवला. तू नाव ठेवून गेलास, मीही ठेवलं. कोणी उघडलं तरच कळेल.

दिवाळीला येशील का, असं विचारत नाही.

मालू


शुक्रवार, २८ नोव्हेंबर १९८६

ती. दादास,

हे पत्र मोठं होईल. गंगुबाईंकडे उत्तर पाठवू नकोस, आता सरळ घरच्या पत्त्यावर पाठव.

रविवारी चाचणी झाली. सकाळी नऊची ओहोटी होती. भाट्याला सुरूच्या बनाच्या सावलीत अण्णांसाठी खुर्ची ठेवली होती. नाझर दामले धोतर सावरत उभे, हातात यादीची नक्कल. मुकुंद, म्हणजे त्यांचा मुलगा, गाडीभोवती एकदा फिरला. पहिल्या किकला लागली. मी गाडीकडेच बघत होते.

तीन वेळा तो वाळूवरून गेला आणि आला. आवाज स्वच्छ होता. धूर नाही, खोकणं नाही. दादा, क्षणभर मी लग्न, याद, सगळं विसरले. आपण जोडलेलं इंजिन लांब जाताना ऐकू येतं आणि त्यात एकही चुकीचा आवाज नसतो, तेव्हा काय वाटतं ते तुलाच कळेल.

तिसऱ्यांदा परत येऊन तो म्हणाला, "बाहत्तर."

नाझर म्हणाले, "अण्णासाहेब, कागदात शंभर आहे."

अण्णांनी मांडीवरचे हात पंच्याखाली घेतले. मला वाटलं, आता सांगतील. आता म्हणतील की बाबा, म्हातारपणी बोललो, तेवढं सोडून द्या. मी मनात तयारीच केली होती की त्यांनी तसं म्हटलं की आपण जवळ जाऊन उभं राहायचं.

ते म्हणाले, "कॅम रेसचाच आहे. पण माझे हात आता चालत नाहीत. इंजिन मुलीने जोडलं आहे. तिला जमलं नाही."

सहा वर्षं काम मी करते हे त्यांनी कोणाला कळू दिलं नव्हतं. पहिल्यांदा चार माणसांत सांगितलं, ते असं.

नाझर हसले. मोकळेपणाने हसले, त्यात दुष्टपणा नव्हता. म्हणाले, "अहो, मग असू द्या! पहिली पोळी करपली म्हणून कोणी लग्न मोडतं का? गाडी आमच्याकडचा मेस्त्री बघेल. फक्त सूनबाईंनी लग्नानंतर हे हात काळे करणं बंद." आणि कलम सातवर त्यांनी पेनाने रेघ मारली.

म्हणजे मोडलं नाही. मला वाटलं होतं दोनच गोष्टी होऊ शकतात. तिसरी मी धरलीच नव्हती.

मी काही बोलले नाही. हे तुला कळायला हवं म्हणून लिहिते. माझ्या पर्समध्ये फीलर होता, समोर गाडी होती, जोडणी बरोबर आहे हे दहा मिनिटांत सिद्ध करता आलं असतं. मी वाळूकडे बघत राहिले. गाडी परत देताना मुकुंदने हळूच विचारलं, "व्हॉल्व्हच्या टॅपेटचा आवाजच नाही. कोणी सेट केले?" मी म्हटलं, "मी." तेवढाच एक शब्द. तो माझ्याकडे बघत राहिला, मग त्याने त्याच्या वडिलांकडे पाहिलं आणि रुमालाने हात पुसायला लागला. तो वाईट माणूस नाही. हे मला आणखी अवघड जातं.

चार दिवस मी पान्याला हात लावला नाही. अण्णा समोरून जाताना खाकरतात. गुरुवारी जेवताना म्हणाले, "मालू, माणसाला एखादी तरी गोष्ट लागते गं. माझ्याकडे ती एवढीच आहे." मी त्यांना ताक वाढलं. मला त्यांचा राग आला होता आणि त्यांच्या ताटातली आमटी सांडते ती दिसतही होती. दोन्ही एकदम.

आज सकाळी मी मुकुंदला पत्र लिहिलं. त्याच्या ऑफिसच्या पत्त्यावर, म्हणजे नाझरांच्या हातात पडायला नको. नक्कल ठेवली नाही, आठवतं तसं सांगते :

"श्री. दामले यांस. गाडीत साधा कॅम आहे. १९६१ सालीही तोच होता. ही गाडी शंभर मैलांनी कधी धावलेली नाही. बाहत्तर हाच तिचा खरा वेग आहे आणि आमच्या वाळूवर तो चांगला आहे. जोडणीत चूक नाही. मेस्त्रीने इंजिन उघडलं तर सिलेंडरखालच्या पॅकिंगवर मी काय बसवलं ते लिहिलेलं सापडेल. वडिलांनी सांगितलं ते खरं नव्हतं. त्यांना याबद्दल कृपया कोणी चारचौघांत विचारू नये. हे काम मी लग्नानंतर बंद करणार नाही. घाटात गाडी तिसऱ्यात ठेवावी."

चार वेळा वाचलं. एकही शब्द खोटा नाही. पण एक वाक्य मी त्यात घातलं नाही. तुला लिहिलेल्या तीन पत्रांतही घातलं नाही. आडून आडून कॅमचंच लिहीत राहिले. ते आता लिहिते, निदान एका कागदावर तरी असू दे.

मला हे लग्न नको आहे.

अण्णांना सोडून कुठे जाता येणार नाही, तेही खरं आहे. तू मागच्या पत्रात "ये इकडे, मशीनवर लावतो" असं लिहिलंस, ते वाक्य मी इतक्यांदा वाचलं की घडीवर कागद फाटला. पण त्यांची आमटी कोण वाढणार? तू नाहीस, आई नाही.

पत्र पेटीत टाकलं दोन वाजता. अडीचला मी परत पोस्टाकडे निघाले. साडेचारला रावजी टपाल काढायला येतो तोवर मी पोस्टाच्या पायरीवर उभी होते. त्याला म्हटलं, "रावजी, माझं एक पत्र परत हवंय."

तो म्हणाला, "बाय, पेटीत पडलं का ते सरकारचं. का, नाव चुकीचं घातलास?"

"नाही."

"पत्ता चुकला?"

"नाही."

"मजकूर?"

"मजकूरही बरोबर आहे."

"मंग जाऊ दे की," म्हणाला आणि पिशवीचं तोंड आवळून सायकलला टांगली.

घरी आले तर दारात एक स्कूटरवाला उभा. मी सवयीने आत वळले. अण्णा स्टुलावरून म्हणाले, "मालू, क्लच घसरतोय म्हणतात. बघतेस का?" त्याच्यासमोर म्हणाले. आता लपवायला काही उरलं नाही म्हणून की आणखी कशाने, ते मला कळलं नाही. त्यांना त्या पत्राचं माहीत नाही. मी पदर खोचला आणि बाहेरच बसून क्लच काढला. स्कूटरवाला आधी अण्णांकडे बघत होता, मग माझ्या हातांकडे बघायला लागला.

सोमवारपर्यंत चिपळूणला पत्र पोचेल. मग काय येईल ते येईल. नाझर येतील, किंवा कोणीच येणार नाही, किंवा मुकुंद खिशात ठेवून देईल आणि चौदा तारखेला मी पाटावर उभी असेन. माझं नवं नावही ठरलेलं आहे. तांदळात अंगठीने लिहायचं ते. मला आवडलं नाही असं नाही, पण त्या नावाच्या बाईला टॅपेट येत असतील असं वाटत नाही.

पत्रिका छापून आल्यात, दोनशे. कागद चांगला जाड आहे. मोडलंच, तर दहा वर्षं पॅकिंगला बघायला नको.

लाल दोऱ्याचा शाफ्ट परत पाठवत नाही. तेल लावून, तुझं जुनं पॅकिंग भोवती गुंडाळून माझ्या ट्रंकेत ठेवला आहे. ट्रंक कुठे जाईल ते अजून ठरायचं आहे.

आज तरी,
मालिनी दत्तात्रेय पोंक्षे